सातबाऱ्यावरचा पोटखराबा आणि आपली माळराने

शंकुसाखळी (धागाकर्ता)

मी एकतीस वर्षे भूकरमापक म्हणून काम केले. इंदापूर, बारामती, दौंड आणि करमाळा या तालुक्यांतील किती बांध चालून मोजले, याची गणती आता माझ्याकडे नाही. गटातील ज्या भागात पीक निघत नाही त्याचे क्षेत्र गाव नमुना सातवर 'पोटखराबा' म्हणून नोंदवले जाते. जमीन सरकारी असेल तर तिला पडीक किंवा गायरान म्हणतात. हे शब्द मी हजारो वेळा लिहिले आणि प्रत्येक वेळी ते बरोबरच होते, कारण त्या जमिनीवर खरोखरच पीक येत नव्हते. मात्र ज्या जमिनीवर पीक नाही त्या जमिनीवर काहीच नाही, असा अर्थ त्या शब्दातून पुढे काढला जातो, याकडे मी नोकरीत असताना कधीही लक्ष दिले नाही. त्याविषयी लिहिण्यासाठी हा धागा काढत आहे.

निमित्त आमच्या गावच्या गायरानाचे आहे. दोन वर्षांपूर्वी तेथे यंत्राने सलग समतल चर खोदले गेले, चरांच्या कडेने ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावली गेली आणि भोवती कुंपण आले. लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता, याविषयी मला शंका नाही. पण त्याच उताराच्या उघड्या मुरमावर उन्हाळ्यात धाविक पक्ष्याची जोडी दरवर्षी अंडी घालत असे. धाविक घरटे बांधत नाही. खड्यांच्या रंगाची अंडी खड्यांतच ठेवतो. दुरून येणारा कोल्हा किंवा कुत्रा वेळेत दिसावा म्हणून त्याला मोकळी, ठेंगण्या गवताची जमीन लागते. चर खोदल्यानंतर दोन्ही उन्हाळ्यांत मी तेथे गेलो, पण जोडी दिसली नाही.

परिसंस्था हा शब्द ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी १९३५ मध्ये वापरात आणला. सजीव आणि त्यांच्या भोवतीची माती, पाणी, हवा, ऊन यांचा वेगवेगळा विचार न करता त्यांच्या देवाणघेवाणीसह एक व्यवस्था म्हणून विचार करावा, असे त्यांचे म्हणणे होते. या दृष्टीने माळाकडे पाहिले तर तो उजाड वाटत नाही. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेत वर्षाला पाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मोजक्या दिवसांत. खाली काळा खडक, त्यावर वीतभर मुरूम आणि हलकी माती असते. अशा ठिकाणी कुसळी, शेडा, पवना, मारवेल ही गवते टिकतात, कारण त्यांचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. वरचे पाते मेंढीने खाल्ले, उन्हाने वाळले किंवा वणव्यात जळले तरी पहिल्या पावसात बुडख्यातून नवी पात फुटते. मधूनमधून हिवर, बोर, खैर, मेडशिंगी आणि तरवड असतात. ही झाडे विरळ असतात आणि त्यांनी विरळच असावे, कारण गवताला ऊन लागते. एखादा गवताळ प्रदेश संपवण्यासाठी नांगरच लागतो असे नाही, दाट सावलीही पुरते.

एकाच माळावर इतके जीव कसे सामावतात, हे समजायला पर्यावरणशास्त्रातील कोनाडा ही कल्पना उपयोगी पडते. प्रत्येक प्रजातीची राहण्याची, खाण्याची आणि वेळेची जागा थोडी वेगळी असते. धाविक आणि माळटिटवी मोकळ्या जमिनीवर धावून कीटक टिपतात, चंडोल गवताच्या ठोंबाआड घरटे करतो आणि पखुर्डी बिया वेचते. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्या पक्षी गुडघाभर गवतात जमिनीवरच रात्र काढतात आणि दिवसा नाकतोडे पकडत शेतांवरून फिरतात. खोकड उंदरांवर जगते, चिंकारा आणि काळवीट गवतावर व झुडपांवर, आणि लांडगा या सर्वांवर, शिवाय धनगराच्या कळपावरही. म्हणजे माळावर ठेंगणे गवत, उंच गवत, उघडा मुरूम आणि झुडूप हे सारे शेजारीशेजारी असावे लागते. एकाच जातीची झाडे रांगेत लावली की हे कोनाडे एकदम मिटतात.

'पडीक' या शब्दामागे महसुलाचा इतिहास आहे. १८३५च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यातील रयतवारी मोजणीची नवी पद्धत इंदापूर तालुक्यातच सुरू केली. मी ज्या मोजणीच्या परंपरेत वाढलो तिची सुरुवात माझ्याच तालुक्यातली आहे. जमीन किती सारा देईल यावरून तिची प्रत ठरली, आणि जी सारा देत नाही ती पड. स्वातंत्र्यानंतरही हीच नजर राहिली. केंद्र सरकारच्या २०१९च्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात देशाची सुमारे ५ कोटी ५७ लाख हेक्टर, म्हणजे जवळजवळ १७ टक्के जमीन पडीक ठरली आहे, आणि झुडपी जमीन हा त्यातील एक मोठा वर्ग आहे. त्या वर्गात काळवीट, लांडगे आणि तणमोर राहतात.

जाणकारांनी भर घालावी, आणि माझे काही चुकत असेल तर तेही लिहावे.

मेधा_ना

लेख आवडला, पण एक शंका प्रामाणिकपणे विचारते. हवामानबदलाच्या काळात झाडे लावणे हा सर्वांना जमण्यासारखा उपाय आहे. आपल्या राज्यात २०१६ ते २०१९ या काळात पन्नास कोटी झाडांची मोहीम झाली, तेव्हा आमच्या शाळेच्या मुलींनीही उत्साहाने रोपे लावली. गवतापेक्षा झाड जास्त कार्बन साठवते, हे तर खरे आहे ना? मग धाविक पक्षी दुसऱ्या माळावर गेला तर त्यात एवढे नुकसान कोणते?

शंकुसाखळी

मेधाताई, हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. झाडाचा कार्बन डोळ्यांना दिसतो, कारण तो खोडात आणि फांद्यांत असतो. माळाच्या कार्बनाचा मोठा भाग मुळांत आणि मातीत असतो, म्हणून तो दिसत नाही. पण वणवा आला तरी तो जळत नाही. आता यंत्राने चर खोदताना काय होते ते पाहा. शेकडो वर्षे घट्ट विणलेली मुळांची चटई उलटीपालटी होते, माती उघडी पडते आणि साठलेल्या कार्बनाचा काही भाग हवेत जातो. त्या जागी लावलेली रोपे पाचशे मिलिमीटर पावसात आणि वीतभर मातीत किती जगतात, हे आपण प्रत्येकाने आपल्या गावात मोजून पाहावे. जगली तरी ती उन्हाळ्यात खालचे पाणी ओढतात.

२०१९ मध्ये एका विदेशी अभ्यासगटाने जगात झाडे लावण्याजोगी जागा किती आहे याचा मोठा आकडा प्रसिद्ध केला, तेव्हा जोसेफ वेल्डमन आणि इतर अनेक शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी लेखी आक्षेप घेतला, की या हिशेबात गवताळ प्रदेश आणि सव्हाना रिकामी जागा म्हणून धरले आहेत. म्हणजे पोटखराब्याचा रकाना जगभर आहे.

दुसऱ्या माळावर जाण्याविषयी सांगायचे तर तो दुसरा माळ बहुधा आधीच भरलेला असतो, किंवा त्यावरही चर खोदलेले असतात. तुमच्या मुलींनी रोपे लावली ते वाया गेले असे मी म्हणणार नाही. गावठाणात, रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी आणि तुटलेल्या जंगलाच्या जागी वड, उंबर, करंज, कडुनिंब लावायला पुष्कळ वाव आहे. माझा आग्रह जागेविषयी आहे.

प्रा_देशमुख

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले आहे, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. आमच्या पिढीला असे शिकवले होते, की दख्खनचे माळ ही मूळ जंगलाची उतरती अवस्था आहे. कुऱ्हाड, चराई आणि वणवा थांबवला तर झुडपे येतील, मग झाडे, आणि शेवटी पानगळी जंगल. फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या अनुक्रमणाच्या सिद्धांताचा हाच आशय होता: प्रत्येक हवामानाची एक अंतिम अवस्था असते आणि निसर्ग तिच्याकडे चालत असतो. जर माळ हे माणसाने बिघडवलेले जंगल असेल, तर झाडे लावणे म्हणजे दुरुस्तीच ठरेल. धागाकर्त्यांनी या मुद्द्याला हात घातलेला नाही.

रानवाटा

सर, मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. क्लेमेंट्स यांच्या मांडणीला त्यांच्याच हयातीत हेन्री ग्लीसन यांनी १९२६ मध्ये विरोध केला होता, आणि आज एकच अंतिम अवस्था असते असे फारसे कोणी मानत नाही. तेवढ्याच पावसात एके ठिकाणी जंगल आणि दुसरीकडे गवताळ प्रदेश दीर्घकाळ टिकू शकतो. माती, वणवा आणि चरणारे प्राणी यांवर ते ठरते. माळ हा जंगलाकडे जाणाऱ्या वाटेवरचा थांबा असलाच पाहिजे असे नाही, तो स्वतःच मुक्कामाचे ठिकाण असू शकतो.

आता पुराव्याकडे येऊ. आपल्या माळावरची बहुतेक गवते सी-४ प्रकारची आहेत, म्हणजे कडक ऊन आणि कमी पाणी यांत प्रकाशसंश्लेषण करण्याची त्यांची वेगळी पद्धत आहे. शिवालिक टेकड्यांतील प्राचीन मातीतल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून दिसते, की अशी गवते या उपखंडात सुमारे ८० ते ७० लाख वर्षांपूर्वी पसरली. तेव्हा कुऱ्हाड घेणारा माणूस नव्हता.

अलीकडचा पुरावा तर आपल्या भाषेतलाच आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी वाङ्मयात, लोककथांत आणि ओव्यांत आलेले झाडाझुडपांचे उल्लेख गोळा केले आणि ते २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील बहुसंख्य वनस्पती मोकळ्या, उन्हाच्या, काटेरी प्रदेशातल्या निघाल्या. त्यावरून पश्चिम महाराष्ट्रातील हा भाग किमान साडेसातशे वर्षे असाच गवताळ असल्याचे ते दाखवतात. इंग्रजांनी जंगल तोडले म्हणून माळ झाला, हे उत्तर त्यापुढे टिकत नाही. गुराख्यांच्या दैवतकथा आपण भक्तीने ऐकत आलो. त्यांत भूप्रदेशाची नोंदही होती, हे वाचून मला फार आनंद झाला होता.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. प्रत्येक उघडी जमीन म्हणजे प्राचीन माळ नव्हे. सह्याद्रीच्या जास्त पावसाच्या पट्ट्यात तोडलेल्या जंगलाच्या जागी गवत उगवलेले असते, आणि तेथे जंगल परत येऊ देणेच योग्य. दोन्हींतील फरक वनस्पतींवरून ओळखता येतो: जुन्या माळात जमिनीखाली कंद आणि जाड मुळे असलेल्या बहुवर्षायू वनस्पती, कंदीलपुष्पासारख्या, सापडतात. एकदा नांगरलेल्या जमिनीवर गवत लवकर परतते, पण या वनस्पती सहसा परतत नाहीत.

प्रा_देशमुख

समाधान झाले. कंदांचा निकष मला नवा आहे. विद्यार्थ्यांना घेऊन एकदा शिवारात तपासून पाहीन.

सज्जनगडकर

माळ साताऱ्याचा घ्यायचा तर चाळकेवाडीचे पठार सांगितले पाहिजे. ते धागाकर्त्यांच्या कोरड्या माळापेक्षा वेगळे, घाटमाथ्यावरचे जांभ्याचे पठार आहे, पण अन्नसाखळी म्हणजे काय हे मला पुस्तकापेक्षा तेथे जास्त कळले. या पठारावर पंख्यासारखी रंगीत गळपडदी असलेला सरडा राहतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी अशा सरड्यांसाठी नवी प्रजात, म्हणजे जवळच्या जातींचा गट, स्थापन केली आणि तिचे शास्त्रीय नावच 'सरडा' ठेवले. मराठी शब्द जगाच्या प्राणिसूचीत गेला. येथील जातीला सरडा सुपर्बा म्हणतात. नराच्या गळ्याखाली निळा, काळा आणि केशरी रंग झळकतो.

याच पठारावर पवनचक्क्या अनेक वर्षे फिरत आहेत. मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी चक्क्या असलेला व नसलेला भाग यांची तुलना करून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. चक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट होते. शिकारी कमी झाल्यामुळे चक्क्यांखाली सरड्यांची संख्या वाढली होती. येथवर कोणीही अंदाज केला असता. पुढचे मला विलक्षण वाटते: त्या सरड्यांच्या रक्तात ताणाचे संप्रेरक कमी होते, माणूस जवळ आला तरी ते उशिरा पळत, आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके होते. म्हणजे पात्यांनी एकाही सरड्याला स्पर्श केला नाही, तरी त्याचे शरीर, वर्तन आणि रंग बदलले. संवर्धनात आपण बहुधा डोकी मोजतो. येथे डोकी वाढली होती, आणि तरीही व्यवस्था बिघडलेली होती. पवनऊर्जा नको असे मी म्हणत नाही. पण 'रिकामे पठार' म्हणून जागा निवडली की काय काय न मोजलेले राहते, हे यातून समजते.

उत्तर_सोलापूर

चर्चा चांगली आहे, पण माळावर राहणाऱ्याची बाजूही यावी. नान्नजच्या माळढोक अभयारण्याची घोषणा १९७९ मध्ये झाली, तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शेते आणि रस्ते सारेच आले. वडिलांच्या काळात जमिनीचा कोणताही व्यवहार करायचा म्हटला की परवानगीची भीती वाटे. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर केले, पण तोवर लोकांच्या मनात पक्ष्याविषयी अढी बसली होती. आज माळढोक आमच्याकडे जवळजवळ दिसत नाही. मग या संरक्षणातून कोणाला काय मिळाले?

शंकुसाखळी

तुमचे दुःख खरे आहे आणि ते संवर्धनाच्या इतिहासात लिहिले गेले पाहिजे. माळढोक ही छत्र-प्रजाती मानली गेली. त्याला विस्तीर्ण माळ लागतो, त्यामुळे त्याला वाचवले की त्याच्या छायेत काळवीट, खोकड, चंडोल आपोआप वाचतात, असा विचार होता. विचार चुकीचा नव्हता, पण रेषा नकाशावर ओढली गेली आणि पक्षी ज्या शेतीवर अवलंबून होता तिच्याकडे दुर्लक्ष झाले. तो ज्वारी आणि भुईमुगाच्या शेतांतही किडे वेचायचा. उजनीचे पाणी आले, ज्वारीच्या जागी ऊस आणि द्राक्षे आली. उसाच्या फडात माळढोक राहू शकत नाही. पाणी मिळालेल्या शेतकऱ्याला त्यासाठी कोणी दोष देऊ नये.

त्यातच हा पक्षी एका वेळी बहुधा एकच अंडे घालतो, तेही उघड्या जमिनीवर, त्यामुळे घटलेली संख्या भरून यायला फार वेळ लागतो. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते आणि समोरचे त्याला नीट दिसत नाही, म्हणून विजेच्या तारांवर तो आदळतो. आता देशातील बहुतेक माळढोक जैसलमेरच्या परिसरात उरले आहेत. तेथील तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये तारा भूमिगत करण्याविषयी आदेश झाला, जो २०२४ मध्ये बदलण्यात आला. राजस्थानात कृत्रिम प्रजननही सुरू आहे. पण पिंजऱ्यात वाढलेले पक्षी उद्या सोडायचे ठरले तर ते कोठे सोडणार? त्यासाठी तरी माळ शिल्लक राहिला पाहिजे.

लहान तुकडे पुरतात का, हाही प्रश्न आहे. रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटर आहे, मयूरेश्वर-सुप्याचे ५.१४. दोन्ही मोलाची आहेत, पण लहान, एकट्या बेटावर प्रजाती कमी टिकतात हा मॅकआर्थर आणि विल्सन यांचा १९६७चा सिद्धांत उसाच्या समुद्रातील माळाच्या बेटालाही लागू पडतो. बेटांना जोडणारी गायराने म्हणूनच महत्त्वाची आहेत.

वाघर

आम्ही फलटण भागातले मेंढपाळ. दिवाळीनंतर आमचा वाडा, म्हणजे कळपासह फिरणाऱ्या कुटुंबांचा तळ, घाट उतरून कोकणात जातो आणि पावसाच्या तोंडावर माळावर परत येतो. मी वाड्यातला पहिला पदवीधर, म्हणून वडिलांच्या वतीने लिहितो.

मेंढरांनी माळ खाऊन संपवला, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. वडिलांचे म्हणणे असे, की मेंढी एका जागी उभी ठेवली तर माळ संपतो आणि चालती ठेवली तर माळ जगतो. एका कुरणावर काही दिवस चारून पुढे गेले की मागे लेंडीखत पडते, खुरांनी बी मातीत दबते आणि गवत पुन्हा वर येते. आता जेथे जावे तेथे कुंपण आणि चराईबंदी. त्यामुळे उरलेल्या थोड्या जागेवर सगळ्यांचीच मेंढरे राहतात आणि ती जागा खरोखर उजाड होते. मग त्याच उजाड जागेचा फोटो दाखवून आम्हाला दोष दिला जातो. वनहक्क कायद्यात २००६ पासून भटक्या पशुपालकांच्या चराईच्या हक्काचा उल्लेख आहे, पण तो वापरायचा तर एका गावचा रहिवासी असल्याचा पुरावा आमच्याकडे मागतात.

लांडग्याविषयीही सांगतो. रात्री वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून, कुत्री सोडून राखण केली तरी वर्षाला काही कोकरे जातातच. आजी त्याला लांडग्याचा वाटा म्हणायची. आईच्या डोळ्यांतले पाणीही मी पाहिले आहे, म्हणून हे सोपे आहे असे म्हणणार नाही. पण लांडग्याला विष घालावे असे आमच्या वाड्यात कोणी बोललेले मला आठवत नाही.

रानवाटा

वाघरदादा, तुमच्या वडिलांचे एक वाक्य आमच्या अनेक पानांच्या अहवालांपेक्षा नेमके आहे. चरणाऱ्या प्राण्यांनी हलत राहणे हे गवताळ प्रदेशाच्या कार्याचा भाग आहे. भारतीय लांडग्यांची संख्या सुमारे ३,१०० असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतील पुष्कळसे संरक्षित क्षेत्राबाहेर, तुमच्या कळपांच्या आसपास जगतात. त्यामुळे या प्राण्याच्या संवर्धनाचा बराचसा खर्च आज मेंढपाळ कुटुंबे देत आहेत. मेलेल्या कोकराची भरपाई वेळेवर आणि वाड्यावर मिळाली पाहिजे. ही दया नव्हे, ते देणे आहे. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू झाली आहे. त्या उत्पन्नात चारणाऱ्यांचा वाटा किती, हेही विचारले पाहिजे.

मेधा_ना

वाचून विचार बदलला. आता करता येण्यासारखे काय आहे, ते कोणी सांगेल का? आमच्या गावाजवळही असा एक माळ आहे.

शंकुसाखळी

मेधाताई, २००२च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. पुष्कळ ठिकाणी ही वही एकदाच, घाईने भरली गेली आहे. ती ग्रामपंचायतीत मागून पाहा. गायरानाचा गट क्रमांक शोधा, आणि त्या गटासमोर गवतांची, पक्ष्यांची, कंदांची नावे व महिना लिहायला सुरुवात करा. माळावर लागवडीचा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत हीच नोंद दाखवता येते. कोऱ्या रकान्याशी वाद घालता येत नाही, हे मी नोकरीत शिकलो.

आमच्या गावची वही मी मागितली आहे. तिच्यात गवताच्या पानावर फक्त 'गवत' असे लिहिलेले आहे. मला स्वतःला अकरा नावे माहीत आहेत. वाघरदादा, तुमचा वाडा पावसाच्या तोंडावर परत येईल तेव्हा आमच्या शिवारातून जाणार असेल तर कळवा. तुमच्या वडिलांसोबत एक दिवस माळावर चालावे आणि ते सांगतील ती नावे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावीत, अशी इच्छा आहे.

वाघर

वडिलांना वाचून दाखवले. मृगाच्या आठवड्यात आम्ही भिगवणच्या बाजूला असू. ते म्हणाले, वही मोठी आणा.